दोन औंसांचा फरक

हॅडली क्रीक, पेनसिल्व्हेनिया
२ ऑगस्ट १९४४

प्रिय वेल्मा,

तू उत्तर देत नाहीस, पण माझी पत्रं परतही पाठवत नाहीस. म्हणजे एकतर ती वाचली जात असावीत किंवा चूल पेटवायला उपयोगी पडत असावीत. दोन्हीत तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत, म्हणून लिहितो.

बातमी अशी की मी अंपायर झालो आहे. हसू नकोस. आमच्या मिलर्स संघाच्या सामन्यांचा जुना अंपायर जूनमध्ये फौजेत गेला. त्याच्या जागी आलेला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला. तिसऱ्याला दिसत नाही यावर दोन्ही संघांचं एकमत झालं, आणि या लीगमध्ये दोन संघांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती. मग लीगचा माणूस गावात येऊन विचारत फिरला, कुणाचीही बाजू न घेणारा माणूस इथे मिळेल का. सगळ्यांनी एका सुरात माझं नाव सांगितलं. मला अभिमान वाटला. वरच्या खोलीतल्या आपल्या भाडेकरू मिसेस ग्रोफ यांनी तो फार वेळ टिकू दिला नाही.

"साहेब, ज्यानं सख्ख्या भावाचा काटा जप्त केला तो कुणाची बाजू घेणार?" त्या म्हणाल्या. "गावात तुमच्यावर कुणाचं प्रेमच नाही. मग पक्षपात तुम्ही करणार तरी कुणासाठी?"

वजनमापांच्या इन्स्पेक्टरवर प्रेम करावं असं कायदा सांगत नाही. आणि विषय निघालाच आहे तर पुन्हा एकदा लिहितो. कॅझिमिर गुर्स्की तुझा सासरा होणार हे मला ठाऊक होतं. लग्नाला आठ दिवस उरले आहेत हेही ठाऊक होतं. त्याच्या खाटकाच्या दुकानातल्या काट्याला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तो दोन औंस जास्त दाखवत होता. मी दंड केला. तू कोर्टात जाऊन लग्न लावलंस आणि मला बोलावलं नाहीस. तुझी मर्जी. काटा दोन औंस जास्तच दाखवत होता.

खेळाबद्दल काय सांगू? धडधाकट मुलं सगळी लढाईवर. आमचा पिचर बेचाळीस वर्षांचा आहे आणि प्रत्येक डावानंतर गुडघ्याला मलम चोळतो. शॉर्टस्टॉप सोळाचा आहे, त्याची आई त्याला सामना संपल्यावर घ्यायला येते. रबर फौजेला लागतं, त्यामुळे चेंडूही कसल्यातरी भुशाचे. जीव खाऊन मारला तरी उकडलेल्या बटाट्यासारखा जातो. आणि तेही चेंडू अपुरे, कारण प्रेक्षकांत गेलेला प्रत्येक चेंडू लोकांनी परत मैदानात फेकायचा आणि तो सैनिकांच्या छावण्यांना जायचा असा रिवाज पडला आहे. परवा एका माणसानं चेंडू खिशात घातला, तर चारशे लोक त्याच्यावर असे ओरडले की तो सामना सोडून घरी गेला.

तुझा नवरा रेमर्टनच्या संघात आहे, तेव्हा आमची गाठ पडणारच. त्याला सांग, इतरांना मिळतात तेवढेच तीन स्ट्राइक त्यालाही मिळतील. तिसऱ्याला बाद, चौथा मागू नये.

तुझा बाप,
ऑर्विल स्टाउफर


२१ ऑगस्ट १९४४

प्रिय वेल्मा,

काल रेमर्टनला सामना होता. तुझ्या नवऱ्याची आणि माझी चौदा महिन्यांत पहिली भेट, मध्ये फक्त कॅचर.

स्टॅशचा एक कान बहिरा आहे म्हणून त्याला फौजेनं घेतलं नाही, हे मला माहीत होतं. बहिरा कान उजवा आहे हे माहीत नव्हतं. बॅट घेऊन उभा राहिला की तो कान नेमका माझ्याकडे येतो. मी स्ट्राइक पुकारला की साहेब आकाशाकडे बघतात. मी पुन्हा पुकारला. तो ढग बघत राहिला. शेवटी मी पुढे जाऊन त्याच्या डाव्या कानाशी ओरडलो, "स्ट्राइक दोन."

तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, तो गुडघ्याच्या खालून गेला, स्ट्राइक कसला?"

अंपायरच्या वयावर टीका केली तर खेळाडूला बाहेर काढायचा मला अधिकार आहे. मी मास्क काढला आणि सांगितलं, "गुर्स्की, माझं वय काढलंस तर तुला बाकावर बसवीन."

तो लाल झाला आणि बॅटकडे बघू लागला. मग कॅचर उठून उभा राहिला. बिचारा लाजाळू मुलगा. "साहेब," तो म्हणाला, "तो शिवी देत नाहीये. ऑक्टोबरमध्ये बाळ येणार आहे म्हणे. त्यांच्या सगळ्या संघाला माहीत आहे."

मला एवढं आठवतं की मी जमिनीतली पांढरी होम प्लेट साफ करायला वाकलो आणि बराच वेळ साफ करत राहिलो. ती इतकी स्वच्छ पूर्वी कधी झाली नसेल. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारबुवा, तिथे राहायला आलात का?"

पुढचा चेंडू खरोखरच गुडघ्याच्या खालून गेला. मी तसं पुकारलं. त्यानंतरच्यावर तो बाद झाला. यात कुणी काही शोधू नये.

तू मला कळवायला हवं होतंस. दूध पीत जा. जिना चढताना कठडा धर.

तुझा बाप,
ऑर्विल स्टाउफर


१० सप्टेंबर १९४४

प्रिय वेल्मा,

हे पत्र अर्धं अंपायरचं आणि अर्धं बापाचं आहे. अंपायरचं आधी वाच.

काल हंगामाचा शेवटचा सामना आपल्या गावात झाला. जिंकेल तो शेवटच्या चार संघांच्या फेरीत जाणार, हरेल तो घरी. स्टॅशसाठी त्यात जास्त काय होतं ते मला काल सकाळीच कळलं. फेरीच्या सामन्यांना वरच्या लीगचा माणूस खेळाडू बघायला येणार आहे. स्टॅश एकोणतीस वर्षांचा आहे आणि लढाई संपली की खरे खेळाडू परत येतील. त्याच्यासाठी दार उघडलं तर आत्ताच. हे मला कुणी सांगायला नको होतं. मिसेस ग्रोफ यांनी नाश्त्याच्या वेळी सांगितलं, आणि मुद्दामच सांगितलं.

काल स्वयंपाकाच्या चरबीचा दिवस होता. डबाभर चरबी आणणाऱ्या बाईला प्रवेश फुकट. ती चरबी दारूगोळ्याला लागते. उजव्या बाजूच्या दारावर मिसेस ग्रोफ डबे गोळा करत होत्या, त्यामुळे मैदानभर शिळ्या बेकनचा वास होता आणि आजूबाजूच्या तिन्ही गल्ल्यांतले कुत्रे आत आले होते. दोन कुत्रे हाकलेपर्यंत सामना सुरू करता आला नाही. दुसरा अंपायर आलाच नाही. तो दाताचा डॉक्टर आहे, आणि त्याच्या खुर्चीत एक दाढ अडकली असा निरोप आला. म्हणून मी एकटा.

नवव्या डावापर्यंत मिलर्स तीन, रेमर्टन दोन. रेमर्टनचे दोघं बाद, एक जण पहिल्या बेसवर, आणि बॅट घेऊन कोण आलं असेल ते तुला सांगायला नको. मी मनात म्हटलं, दुसरा कुणीही चालला असता.

त्यानं मारला. उकडलेला बटाटा नव्हता तो. वेल्मा, मी या गावात पन्नास वर्षं बेसबॉल बघतो आहे आणि लाकडाचा असा आवाज लढाईपूर्वीही क्वचित ऐकला असेल. चेंडू उजवीकडच्या बुटक्या भिंतीकडे गेला. आता नीट ऐक. पहिल्या बेसवरचा खेळाडू पळत सुटला होता आणि तो दुसऱ्या बेसला पाय लावतो की गाळतो हे बघणारा मी एकटाच होतो. मी तिकडे पाहिलं. त्यानं पाय लावला. मी मान वळवली तोवर चेंडू हवेतून परत येत होता आणि मैदानात पडला.

स्टॅशला वाटलं चेंडू भिंतीपार गेला, होम रन झाला. तो रमतगमत, टोपी हलवत निघाला होता. आमच्या फील्डरनं चेंडू उचलून होम प्लेटकडे फेकला तेव्हा कुठे त्याच्या चांगल्या कानात संघाची बोंब शिरली. मग तो धावला. मातीत घसरत आला, आणि प्लेटला पोचण्याआधी कॅचरचा चेंडू धरलेला हात त्याच्या नडगीला लागला. एवढं मात्र मी स्वच्छ पाहिलं.

मी अंगठा वर केला. बाद.

त्याच्या पुढचा खेळाडू आधीच होम प्लेटला पोचला होता, त्यामुळे तीन-तीन. रेमर्टनचे सगळे माझ्याभोवती जमले. कुणी माझ्या आईचा उद्धार केला, कुणी डोळ्यांचा. स्टॅश मातीनं भरलेला उभा राहिला आणि त्यानं आवाज चढवला नाही.

"बाबा, तो भिंतीपलीकडे गेला होता," तो म्हणाला. मला बाबा तो पहिल्यांदाच म्हणाला. "कुणीतरी परत फेकला. सवयीनं. तुम्हाला माहीत आहे, सगळे फेकतात."

"मी चेंडू मैदानात पाहिला," मी म्हणालो. "पलीकडे पाहिला नाही. जे पाहिलं नाही ते मी मोजत नाही."

तो बहिरा कान माझ्याकडे करून निघून गेला. नववा डाव तीन-तीनवरच संपला, दहाव्यात मिलर्सनी एक धाव काढली आणि सामना चार-तीननं जिंकला. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. ज्या किराणावाल्याला मी जूनमध्ये दंड केला त्यानं मला मिठी मारली. इतकं ओशाळं मला कधीच वाटलं नव्हतं.

रेमर्टननं तक्रार केली आहे. लीगनं माझा लेखी अहवाल मागवला आहे. चेंडू भिंतीपलीकडे गेला होता असं ठरलं तर होम रन धरला जाईल, सामना रेमर्टनचा होईल आणि ते फेरीत जातील. मग हे गाव मला कढईत घालील, आणि चरबी तयारच आहे. मी पाहिलेलं नाही. चेंडू ज्यानं परत फेकला त्यालाच ठाऊक.

आता बापाचा भाग. मिसेस ग्रोफ म्हणतात, चेंडू एका हिरव्या हॅटवाल्या बाईनं फेकला. पोट भलं मोठं, आणि फेक पोरासारखी, खांद्यावरून, सरळ. या जिल्ह्यात तशी फेक मी एकाच मुलीला शिकवली आहे, मागच्या अंगणात, तुझी आई खिडकीतून नको नको म्हणत असताना.

अंपायर म्हणून विचारतो: हात लागला तेव्हा चेंडू भिंतीच्या पलीकडे होता की अलीकडे? बाप म्हणून विचारतो: आठव्या महिन्यात उन्हात बसून तू काय करत होतीस?

तू लिहिशील ते मी मानीन. तपासायला माझ्याकडे कसलंही माप नाही.

ऑ. स्टाउफर


१७ सप्टेंबर १९४४

प्रिय वेल्मा,

तुझं पत्र आलं. पंधरा महिन्यांतलं पहिलं, आणि ओळी सहा. मला पाठ झालं आहे, पण तरी इथे उतरवतो, म्हणजे मी चुकीचं वाचलेलं नाही याची तुला खात्री होईल.

"बाबा, मी उभी राहिले आणि भिंतीवरून वाकले. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मैदानात होते. चेंडू मी तिथे, भिंतीच्या अलीकडे पकडला, आणि सवयीनं फेकून दिला. मी मध्ये आले नसते तर तो पलीकडे गेला असता का ते मला माहीत नाही, म्हणून ते लिहीत नाही. मी हे स्टॅशला सांगितलं तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. उन्हात मी तुम्हाला बघायला आले होते, स्टॅशला मी रोज बघते."

मी ते स्वयंपाकघरात वाचलं. मिसेस ग्रोफ बटाटे सोलत होत्या. त्यांनी माझं तोंड बघून पत्र मागितलं आणि मीही देऊन टाकलं.

"कार्टी अगदी तुमच्यावर गेली," त्या म्हणाल्या. "देवा, आता तुम्ही दोघं झालात."

भिंतीच्या अलीकडे हात लागला तर होम रन नाही. म्हणजे माझा निर्णय बरोबर होता, आणि तो न बघता दिलेला होता. मी अहवालात दोन्ही लिहिलं. चेंडू पाहिला नाही हेही लिहिलं. लीगनं निकाल कायम ठेवला, माझी सचोटी नमूद केली आणि पुढच्या हंगामासाठी डोळे असलेला माणूस शोधायला घेतला.

आता एक गोष्ट सांगतो. अहवाल लिहायच्या आधी मी तुझ्या सहा ओळी घेऊन परसात बसलो होतो. एक शब्द बदलला असतास तर स्टॅश फेरीत खेळला असता, तुझ्या घरात अबोला नसता, आणि मला कधीच कळलं नसतं. आणि वेल्मा, मला वाटत होतं, का नाही बदललास? बावीस वर्षं मी लोकांच्या काट्यांवर वजनं ठेवत आलो, आणि तिथे बसून माझी इच्छा ही होती की माझ्या मुलीनं थोडंसं खोटं बोलावं. कॅझिमिर गुर्स्कीच्या दुकानातून मी निघालो होतो त्या दिवशी तुला माझ्याबद्दल काय वाटलं असेल, ते मला त्या परसात समजलं. काटा तरी दोन औंस जास्तच दाखवत होता. पण समजलं.

आणि तू मला बघायला आलीस. मला तुझी फार आठवण येते. हे आधीच्या पत्रांत लिहायचं राहून गेलं.

रविवारच्या बसनं मी येतो आहे. तुझ्यासाठी नाही, तू विश्रांती घे. स्टॅशशी बोलायचं आहे, त्याच्या डाव्या बाजूला बसून.

तुझे बाबा


२२ ऑक्टोबर १९४४

प्रिय वेल्मा,

काल तुमच्याकडून निघालो तेव्हा तू झोपली होतीस. तू वर होतीस आणि खाली कॅझिमिरच्या दुकानात काय काय झालं ते तुला कुणी धड सांगणार नाही. स्टॅश वाढवून सांगेल आणि कॅझिमिर पोलिश भाषेत सांगेल. म्हणून मी लिहितो.

स्टॅशचं आणि माझं त्या रविवारी काय बोलणं झालं ते तू बऱ्याचदा विचारलंस. फार काही नाही. मी अर्धा तास तयारी केलेलं भाषण केलं. सत्य, विवाह वगैरे. त्यानं सॉसेज कापता कापता सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाबा, मला तुमच्यावर राग नाही. तुम्ही नुसता अंगठा वर केलात. मला आउट तुमच्या मुलीनं केलं."

मी म्हटलं, "मग तिच्याशी बोलत का नाहीस?"

"बोलणार होतो कालच," तो म्हणाला. "पण तिनं इतका सुंदर झेल घेतला बाबा, दोन्ही हातांनी, त्या पोटासकट. आमच्या संघात तसा कुणी घेत नाही. हे तोंडावर कबूल करायला दोन आठवडे लागतात." मग त्यानं सुरी पुसली आणि तो वर गेला. मी गल्ल्यापाशी बसून तुमचा हसण्याचा आवाज ऐकला. वरच्या लीगचा माणूस त्याला बघायला आता येणार नाही, आणि ते मलाही बोचतं. पण त्यानंतर त्यानं तो विषय माझ्यापाशी काढलेला नाही.

आता कालचं. मी पोचलो तर कॅझिमिर दारातच उभा, ॲप्रन बांधून, हाताची घडी घालून. त्या दंडानंतर आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. मी आलो त्या रविवारी तो मुद्दाम चर्चमध्ये जाऊन बसला होता.

"काटा तपासायला आलात?" त्यानं विचारलं.

"नात बघायला आलो."

"ती पण वजनावरच आहे." तो बाजूला झाला.

सुईण बाळाला खाली घेऊन आली होती. दुकान भरलेलं होतं, शेजारच्या बायका रेशनची मांसाची कुपनं हातात धरून उभ्या होत्या, आणि त्यातल्या कुणालाही मांस नको होतं. कॅझिमिरनं काट्याचं ताट उकळत्या पाण्यानं धुतलं, त्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवला, टॉवेलाचं वजन वजा करून काटा शून्यावर आणला. हे त्यानं माझ्याकडे बघत बघत केलं. मग तिला ठेवलं. ती रडली नाही. तिनं छताच्या दिव्याकडे असं पाहिलं, जणू दिव्यात काहीतरी दोष सापडला आहे.

"सात पौंड दहा औंस!" स्टॅश ओरडला, आणि रस्त्यावर जाऊन पुन्हा ओरडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कॅझिमिरनं डोळे पुसले आणि कांदा झोंबला असं मला सांगितलं. दुकानात कांदा नव्हता.

मग सगळे तिला घेऊन वर तुझ्याकडे आले. मी खाली मागे राहिलो, ते बूट पुसायला असं तुला सांगितलं. ते खरं नाही. तुला माहीत आहे, माझ्या कोटाच्या खिशात सरकारी शिक्क्याचं एक पौंडाचं वजन कायम असतं. मी ते काट्यावर, त्याच टॉवेलावर ठेवलं. काटा एक पौंड दोन औंसांवर जाऊन थांबला.

मी उचलून पुन्हा ठेवलं. एक पौंड दोन औंस.

मागे पायऱ्यांवर कॅझिमिर उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. वर स्टॅश खिडकीतून कुणाला तरी सात पौंड दहा ओरडून सांगत होता, आणि तू त्याला हळू बोल म्हणत होतीस.

मी वजन खिशात घातलं. कॅझिमिरनं एका कागदात चार सॉसेज बांधली आणि माझ्या हातात दिली, न तोलता.

घरी आल्यावर मिसेस ग्रोफ यांनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारला. आज गावातही सगळे तेच विचारत आहेत, कारण माझ्याकडून त्यांना दुसरी कसली अपेक्षा नाही. सगळ्यांना एकच आकडा सांगितला आहे.

गुर्स्कींच्या दुकानाची तपासणी कायद्याप्रमाणे जानेवारीत येते. ती मी करीन, आणि काटा चुकला असेल तर तो दुरुस्त करायला लावीन. तोवर ती सात पौंड दहा औंसांची आहे.

तिचे आजोबा